फाटकाच्या आतला परदेश

दोन देशांच्या सरकारांनी एकमेकांच्या नागरिकांवर विश्वास ठेवायचा निर्णय मंगळवारी घेतला. इमारतीतल्या लोकांना तो बुधवारी कळला आणि गुरुवार दुपारपर्यंत त्यावर कुणाचाच विश्वास राहिला नाही.

निर्णय साधा होता. इकडच्या माणसाला तिकडे जायला यापुढे व्हिसा लागणार नव्हता. तीस दिवस जा, राहा, फिरा, परत या. सोबत छोटीशी नियमावली होती: पासपोर्ट अजून सहा महिने तरी चालणारा असावा, त्यात दोन पानं कोरी असावीत, परतीचं तिकीट असावं, कुठे उतरणार तो पत्ता द्यावा, आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक फॉर्म भरावा. शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तिकडे जाऊन कामधंदा करता येणार नाही. बस, एवढंच. आणि हे 'एवढंच' वाचूनच लोकांना शंका यायला लागल्या.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींना मात्र कसलीच शंका आली नाही. त्यांनी पायाखालचं मशीन थांबवलं आणि थेट ताईला फोन लावला.

ताई म्हणजे मावशींची थोरली बहीण. एकोणीस वर्षांपूर्वी मुलाकडे चार महिने म्हणून गेली ती तिकडचीच झाली. मावशींनी तिला भेटायला जायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. दोनदा व्हिसा मागितला होता. पहिल्यांदा उत्तर आलं, 'अर्जदार परत येईल याची खात्री वाटत नाही.' दुसऱ्यांदा मावशींनी अर्जासोबत चिठ्ठी जोडली, की मी नक्की परत येईन, माझी गिऱ्हाइकं खोळंबतात. त्यावर उत्तर आलं, 'अर्जदाराला परत येण्याची एवढी घाई असल्यास जाण्याचं प्रयोजन स्पष्ट होत नाही.' त्यानंतर मावशींनी तो नाद सोडला होता.

"अगं, आता कागद नको, बिगद नको म्हणतात!" ताई तिकडून एवढ्या जोरात ओरडली, की माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं. "ये तू. पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर होतेय मी. माझे गुडघे काही आता विमानात मावत नाहीत."

"येते की. पण ताई, तो कोट..."

"कोट घालूनच ये. थंडी आहे."

"माझा नाही गं, तुझा!"

ताईचा कोट गेले सहा महिने मावशींच्या कपाटात लटकत होता. ताईनं स्वतःभोवती सुतळी गुंडाळून, जागोजागी गाठी मारून, ती सुतळी पाकिटात घालून पाठवली होती. त्या गाठींवरून मावशींनी लोकरीचा कोट शिवला. खांदे झाले, बाह्या झाल्या, अस्तर लागलं, पाच बटणं लागली. राहिली होती फक्त खालची दुमड. दुमड घालायला कोटाच्या आत माणूस उभा लागतो. सुतळीला गुडघे नसतात. ताईच्या वाढदिवसाला तिच्या अंगावर तो कोट चढवायचा, तिच्यासमोर जमिनीवर बसून टाचण्या लावायच्या आणि दुमड घालायची, एवढ्यासाठी मावशींना जायचं होतं.

त्यांनी तिकीट काढलं. बुधवारी दुपारी चारचं विमान, गुरुवारी सकाळी तिकडे, आणि गुरुवारीच वाढदिवस. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मावशींनी ही बातमी जिन्यात सांगितली.

जिन्यात नाकेदार उभे होते.

नाकेदारांनी शहराच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर एकतीस वर्षं नोकरी केली होती. माल भरून आलेल्या गाड्या थांबवायच्या आणि कागद तपासायचे, हे त्यांचं काम. एकतीस वर्षांत एकही गाडी पहिल्या फटक्यात सोडली नाही, हा त्यांचा लौकिक. मग एके दिवशी सरकारनं जकातच बंद केली. गाड्या न थांबता शहरात शिरू लागल्या. नाकेदारांना ते बघवेना, म्हणून ते त्या रस्त्यानं जाईनासे झाले. नाक्यावरच्या चार वस्तू मात्र त्यांनी घरी आणल्या होत्या: खुर्ची, पत्र्याची पेटी, 'माल अडवला' असा रबरी शिक्का आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आडवा बांबू.

"व्हिसा नाही?" नाकेदारांनी चष्मा कपाळावर चढवला. "मावशी, बसा. जिन्यातच बसा. अहो, व्हिसा असतो तेव्हा तुमची तपासणी आधीच झालेली असते. व्हिसा नाही म्हणजे सगळी तपासणी दारात! तिकडचा माणूस पहिल्यांदाच तुम्हाला बघणार आणि तिथल्या तिथे ठरवणार. तयारी काय तुमची?"

"तयारी म्हणजे... सूटकेस भरली."

नाकेदार हसले. एकतीस वर्षांत सूटकेस भरलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

"तालीम करावी लागेल," ते म्हणाले.

वरच्या मजल्याच्या कठड्यावरून नाकेदारांची बायको वाकली. सगळी इमारत तिला वहिनी म्हणायची. "मावशी, न्या हो यांना. तीन वर्षं झाली, मी आणलेली भाजीची पिशवी हा माणूस स्वयंपाकघराच्या दारात उघडून बघतो. परवा मला विचारलं, 'कांदे घोषित केलेत का?'"

अशी तालीम सुरू झाली.

इमारतीच्या फाटकात बांबू आडवा लागला. त्यामागे खुर्ची, टेबल आणि पेटी. रस्ता म्हणजे विमान. तिथून प्रवासी उतरणार. फाटकाच्या आतलं अंगण म्हणजे परदेश. प्रत्येक प्रवाशानं शाळेच्या वहीला पुठ्ठा लावून तालमीचा पासपोर्ट करायचा, म्हणजे शिक्का त्यावर मारता येईल. खरा पासपोर्ट फक्त दाखवायचा.

पहिल्या दिवशी मावशी हौसेनं रस्त्यावरून चालत आल्या. हातात सूटकेस, तोंडावर प्रवासाला शोभेल असा थकवा.

नाकेदारांनी त्यांच्याकडे, आयुष्यात पहिल्यांदाच बघतो आहे अशा नजरेनं बघितलं. पासपोर्ट हातात घेतला. तो गेल्याच वर्षी नवा करून आणला होता. नाकेदार एकेक पान उलटत गेले.

"कोरी पानं किती लागतात?"

"दोन."

"तुमच्याकडे चौतीस आहेत. उरलेल्या बत्तीस पानांचा खुलासा?"

"अहो, मी कुठे गेलेच नाही आजवर!"

"का नाही गेलात?"

"दोनदा नाही म्हणाले."

नाकेदारांनी लेखणी खाली ठेवली. "हे तुम्ही आपण होऊन का सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत म्हणून!"

शिक्का खाली आला. माल अडवला.

मावशींना वाटलं, पहिलाच दिवस आहे. तालीम संपली, बांबू वर गेला, सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्या पानांचा खुलासा लिहून आल्या. त्या दिवशी तिकिटाची पाळी होती.

"परतीचं तिकीट दिसतंय."

"हो. नियमात आहे ना."

"निघायच्या आधीच परतीचं काढलंत. मनात काय आहे तुमच्या? इथे येणं आवडत नाही?"

"आवडतं की!"

"मग राहून जायचा विचार आहे?"

मावशींनी पाच मिनिटं विचार केला. होय म्हटलं तर पंचाईत आणि नाही म्हटलं तर अपमान. शिक्का दोन्हींसाठी तयार होता.

एव्हाना फाटकाशी गर्दी जमायला लागली होती. आधी बघे होते. मग तिसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक वही घेऊन उभे राहिले. प्राध्यापकांना कुठेही जायचं नव्हतं. "पण उद्या जावं लागलं तर?" ते म्हणाले, आणि हा प्रश्न ऐकल्यावर मागे आणखी नऊ माणसं उभी राहिली. त्यांनाही कुठे जायचं नव्हतं. पण आपण नापास होऊ की काय, हे त्यांना आत्ताच कळायला हवं होतं.

रांग लागली की टोकन लागतं. टोकन आलं की ते कुठे मिळतं हे सांगणारा माणूस लागतो. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्यानं ती जबाबदारी स्वतःहून पत्करली. त्यानं दुकानावर पाटी लावली: 'व्हिसा-मुक्त प्रवासाची सर्व कागदपत्रे येथे तयार मिळतील.' कुणी विचारलं की मुक्त आहे तर कागदपत्रं कशाला, तर तो शांतपणे म्हणायचा, "मुक्त आहे हे दाखवायला."

मग शेजारच्या दोन इमारतींमधले लोक यायला लागले. त्यावर आपल्या इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली, की आमच्या सीमेवर बाहेरच्यांची गर्दी होते. तक्रार रास्त होती. नाकेदारांनी विचार करून नियम काढला: इमारतीतल्यांना तालीम व्हिसा-मुक्त, बाहेरच्यांनी तालमीसाठी आधी व्हिसा घ्यावा. व्हिसा झेरॉक्सवाल्याकडे. तो पाचजणांतल्या तिघांना नकार द्यायचा, त्यामुळे त्याच्याबद्दल लोकांचं मत फार चांगलं झालं.

सगळ्यात मोठा बदल मात्र कुणी ठरवून केला नाही. रांग इतकी लांबली की तालीम संध्याकाळी संपेचना. तालीम संपत नाही म्हणून बांबू वर जाईना. आणि बांबू वर जाईना म्हणून कामावरून, बाजारातून घरी येणाऱ्या प्रत्येकाला रांगेत उभं राहून परदेशात शिरावं लागायला लागलं. नापास झालेल्यांना 'तात्पुरता प्रवेश' अशी चिठ्ठी मिळायची: चोवीस तास, जेवण आणि झोप एवढ्यापुरती. प्राध्यापकांना एकदा तीही मिळाली नाही. वास्तव्याचा पत्ता विचारल्यावर ते 'तिसरा मजला' म्हणाले आणि तिथे कोण राहतं या प्रश्नाला 'मी' म्हणाले. स्वतःच्या घरी स्वतःच पाहुणा म्हणून उतरणं नाकेदारांना संशयास्पद वाटलं. प्राध्यापक सबंध दुपार रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून होते. त्यांची बायको खिडकीतून हात हलवत होती. एवढं होऊनही ते रागावले नाहीत. "कडक आहे, पण शिस्त आहे," असं त्यांनी बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला सांगितलं. तोही अडवलेलाच होता.

मावशींना मात्र दिवस मोजावे लागत होते. निघायला आठ दिवस उरले, तेव्हा नाकेदारांनी नवी मागणी केली.

"जिच्याकडे उतरणार ती तुमची बहीण आहे याला पुरावा काय?"

मावशींनी फोटो आणला. दोन मुली, एक उंच, एक बुटकी, दोघींच्या अंगात एकाच ठिपक्यांच्या कापडाचे फ्रॉक. बुटकीच्या फ्रॉकची दुमड तेवढी वाकडी होती.

"एकाच ताग्याचं कापड म्हणजे नातं सिद्ध होत नाही," नाकेदार म्हणाले. "शाळेत तीनशे मुली एकाच कापडात असतात. ताईंचं पत्र मागवा. 'ही माझी बहीण, माझ्याकडे उतरणार.' सहीनिशी."

ताईनं त्याच दिवशी पत्र टाकलं आणि फोनवर मावशींना झापलं. "मी बहीण आहे हे मी लिहून द्यायचं? तो नाकेदार कुणाचा कोण आहे हे त्यानं लिहून दिलंय का?"

पत्र पाचव्या दिवशी आलं. म्हणजे, फाटकापर्यंत आलं.

"प्रवेशाचा हेतू?" नाकेदारांनी टपालवाल्याला विचारलं.

"टपाल वाटायचंय."

"म्हणजे काम."

"हो, काम. नोकरीच आहे माझी."

"व्हिसा-मुक्त प्रवेशात काम करता येत नाही." शिक्का. "मागे व्हा."

टपालवाला रोज यायचा आणि रोज परत जायचा. त्याच्या पिशवीत मावशींचं पत्र होतं. ते पत्र आल्याशिवाय नाकेदार मावशींना सोडत नव्हते आणि पत्र आणणाऱ्याला आत सोडत नव्हते. मावशींनी हे त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. नाकेदारांनी मान डोलावून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. दोन्ही नियम बरोबरच आहेत." मग पडताळणीसाठी म्हणून त्यांनी मावशींचा खरा पासपोर्टही पत्र्याच्या पेटीत ठेवला. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली जानव्यासारखी नाकेदारांच्या गळ्यात होती.

बुधवार उजाडला. दुपारी चारचं विमान. अकरा वाजता निघणं भाग होतं.

दहा वाजता मावशी सूटकेस, कोटाची पिशवी आणि वीतभर जाड फाईल घेऊन अंगणात आल्या.

"नाकेदार, माझा पासपोर्ट द्या. निघाले मी."

"निघालात कशा? तुम्ही अजून उत्तीर्ण झाला नाहीत."

"तिकडचे बघतील ना माझं काय ते!"

"आणि तिकडे अडवलं म्हणजे? ते विचारतील, तालीम कुणाकडे झाली? माझ्या नाक्याचं नाव जाईल, मावशी. शेवटची तपासणी झाल्याशिवाय मी तुम्हाला पाठवू शकत नाही. रस्त्याकडून या."

रांगेतून आवाज आला, "आम्ही सकाळी सहापासून उभे आहोत, या मध्येच कशा?" दुसरा म्हणाला, "विमानाचं कारण सगळेच सांगतात."

"विमान आहे हो तिचं खरंच!" वहिनी कठड्यावरून ओरडल्या. "सोडा तिला! एवढी हौस असेल तर मला अडवा. मी कुठेच चालले नाही."

नाकेदारांनी वर बघितलं नाही. हुद्द्यावर असताना त्यांना बायको नसायची.

मावशी बांबूखालून वाकून रस्त्यावर गेल्या. तिथे टपालवाला नेहमीच्या जागी उभा होता. त्यांना बघून तो आनंदानं पुढे आला. "मावशी! बरं झालं तुम्ही इकडच्या बाजूला आलात. घ्या, तुमचं पत्र. चार दिवस घेऊन फिरतोय."

मावशींना हायसं वाटलं. त्या जवळजवळ धावतच टेबलाशी आल्या आणि पत्र नाकेदारांपुढे ठेवलं. "हे घ्या! ताईचं पत्र, सहीनिशी."

"कुणी दिलं?"

"टपालवाल्यानं."

"त्याला प्रवेश नाही. मग त्यानं दिलेल्या पत्राला कसा?" पण उत्सुकता नाकेदारांनाही होती. त्यांनी पाकीट उघडलं आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. "'ही माझी बहीण आहे. माझ्याकडेच उतरणार, दुसरीकडे कुठे जाईल? जास्त प्रश्न विचारू नयेत. ता.क. धाकटे, येताना तुझी सुई आण. इथल्या सुया बोथट असतात.'" नाकेदार थांबले. चष्मा कपाळावर गेला. "सुई?"

"कोटाची दुमड राहिलीये ना. ती घालायची आहे."

"तुमचा व्यवसाय काय?"

"शिवणकाम."

"आणि तिकडे जाऊन तुम्ही काय करणार?"

मावशींनी उत्तर द्यायच्या आधी घड्याळाकडे बघितलं. साडेदहा वाजले होते. इतके दिवस त्या या टेबलापुढे उभ्या राहून, कुठलं उत्तर दिलं म्हणजे बांबू वर जाईल, याचाच विचार करत होत्या. आत्ता पहिल्यांदा त्यांचं लक्ष गेलं, की बांबूच्या पलीकडे त्यांचं अंगण होतं आणि मशीन होतं. विमानतळ त्यांच्या पाठीमागे होता.

त्यांनी सूटकेस खाली ठेवली.

"काम करणार," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "शिवणकाम करणार. आधी कोट. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पडदे. जमलं तर दुकानच टाकणार. आणि परत यायचं की नाही, ते बघू मग."

रांग टाचा उंचावून बघायला लागली. एवढा स्पष्ट गुन्हा तिथे कुणी कबूल केला नव्हता. नाकेदारांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं. एकतीस वर्षं अधिक काही आठवडे त्यांनी ज्याची वाट पाहिली होती तो माल आज सापडला होता.

"प्रवेश नाकारला!" शिक्का एवढ्या जोरात बसला की टेबलावरची दौत हलली.

"ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "नाकारलेल्या प्रवाशाचं काय करतात?"

"परत पाठवतात."

"कधी?"

"ताबडतोब. मिळेल त्या पहिल्या वाहनानं."

"आणि पासपोर्ट?"

"तो प्रवाशाच्या हाती देत नाहीत. वाहनचालकाच्या ताब्यात देतात." नाकेदार उठून उभे राहिले होते. नियम म्हणताना त्यांचा आवाज नेहमीच असा भरून यायचा.

"मग ती बघा टॅक्सी येतेय," मावशी म्हणाल्या. "उशीर झाला तर जबाबदारी तुमची."

नाकेदार स्वतः रस्त्यावर धावले. टॅक्सी थांबवली. गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली, पासपोर्ट चालकाच्या हातावर ठेवला आणि त्याला बजावलं, "या बाईंना जिथून विमान सुटतं तिथे सोडायचं. मध्ये कुठेही उतरू द्यायचं नाही." सूटकेसही त्यांनीच आत ठेवली. दोन प्राध्यापक, म्हणजे एक प्राध्यापक आणि रांगेत त्यांच्या मागे उभा असलेला एक, मावशींना दोन्ही बाजूंनी धरून टॅक्सीपर्यंत घेऊन गेले. रांगेनं टाळ्या वाजवल्या. काहींना वाईटही वाटलं, कारण बाई तशा चांगल्या होत्या.

टॅक्सी कोपऱ्यावर वळली. वरून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला तो बराच वेळ थांबला नाही. नाकेदार खुर्चीवर परत येऊन बसले आणि पुढचा माणूस म्हणून हात केला. तो हात अर्ध्यातच थांबला. त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. मग वर बघितलं.

"अहो," वहिनी हसता हसता म्हणाल्या, "छान हद्दपार केलीत हं!"

गुरुवारी सकाळी मावशी खऱ्या सीमेवर उभ्या राहिल्या. काचेच्या खोक्यात एक पोरगेलासा अधिकारी जांभई देत बसला होता. मावशींनी फाईल छातीशी धरली. सहा महिने, कोरी पानं, बत्तीस पानांचा खुलासा, फोटो, पत्र, सगळं क्रमानं लावलेलं होतं. त्यानं पासपोर्ट घेतला, यंत्राखाली धरला, एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"कुणाकडे?"

"बहिणीकडे."

शिक्का पडला. हलकाच, टेबल न हलवता. अकरा सेकंद झाली असतील.

मावशी हलेनात. "अहो, फाईल..."

त्यानं हसून मान हलवली आणि पुढच्याला हात केला. त्या हाताच्या बाहीचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. मावशींची बोटं शिवशिवली. सुई सामानातून अजून यायच्या सूटकेसमध्ये होती म्हणून बरं. नाहीतर दारातच काम करताना सापडल्या असत्या.

खरं सांगायचं तर त्यांना थोडा अपमान वाटला. एवढा अभ्यास केला आणि पेपरच घेतला नाही. पण तो अपमान दारापर्यंतच टिकला. दाराबाहेर ताई काठीवर रेलून उभी होती आणि ओरडत होती, "अगं, किती वेळ! काय विचारत होते एवढं?"

दुपारी केक कापायच्या आधी ताई कोट घालून खोलीच्या मधोमध उभी राहिली. मावशी तोंडात टाचण्या धरून जमिनीवर बसल्या. एकोणीस वर्षांत ताई दोन बोटं बुटकी झाली होती. सुतळीनं ते सांगितलं नव्हतं. मावशींनी दुमड दोन बोटं वर घेतली, जरा जास्तच वेळ खाली मान घालून बसल्या आणि मग म्हणाल्या, "हल नकोस. बेकायदा काम चाललंय."

तिसाव्या दिवशी मावशी परत आल्या. फाटकात आता दोन बांबू होते, एक आत यायला आणि एक बाहेर जायला. मागच्या वेळच्या गैरप्रकारानंतर ही सुधारणा करण्यात आली होती. नाकेदार उभे राहिले. मावशींनी केलेलं त्यांनी मनाला लावून घेतलेलं दिसत नव्हतं, आणि टपालवालाही आत होता. त्याला 'पर्यटक' म्हणून प्रवेश मिळाला होता.

"काय विचारलं तिकडे?" सगळी रांग पुढे झुकली.

"काही नाही हो! कुणाकडे म्हणाला, बहिणीकडे म्हटलं, झालं. अकरा सेकंद. फाईल उघडलीसुद्धा नाही. अहो, काही लागत नाही, घरी जा सगळे!"

रांगेनं एकमेकांकडे बघितलं. मग सगळ्यांनी नाकेदारांकडे बघितलं. त्या नजरेत जो आदर होता तो एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना मिळाला नव्हता.

"अकरा सेकंद," प्राध्यापक हळूच म्हणाले. "याला म्हणतात तयारी."

त्या दिवशी दुपारी झेरॉक्सवाल्यानं मावशींच्या फाईलच्या दीडशे प्रती काढल्या. आता ती 'यशस्वी फाईल' म्हणून फाटकावर टांगलेली आहे आणि तिच्यातला प्रत्येक कागद सक्तीचा आहे. बत्तीस पानांचा खुलासा आहे. सुईचा उल्लेख असलेलं पत्र आहे. दोन बहिणींचा एकाच ठिपक्यांच्या कापडातला फोटोही आहे. तो नसल्यास फ्रॉक शिवून मिळतात, कोणत्याही वयात, तळमजल्यावर. मावशी आधी नाही म्हणत होत्या. पण लोक माप देऊन गेले, आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं त्यांना पहिल्यापासून आवडत नाही. परवा एका साठीच्या बाईला त्या विचारताना ऐकू आल्या, "धाकटी कोण? आणि दुमड वाकडी हवी का सरळ? वाकडी घ्या. आमची वाकडी होती, म्हणून सोडलं."

आता तुम्ही म्हणाल, काय वेडे लोक आहेत एकेक. म्हणा. पण सुरुवातीला ती सहा महिन्यांची अट आली, तेव्हा वाचता वाचता तुम्ही क्षणभर थांबलात आणि आपला पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे, कधी संपतोय, हे आठवून बघितलंत. जायचं कुठेच नसताना. लाजू नका, सगळ्यांचं तसंच झालंय. रांगेचं शेवटचं टोक सध्या चौकातल्या झाडाखाली आहे. तिथे एक गृहस्थ छत्री घेऊन उभे आहेत, त्यांच्या मागे उभे राहा. आणि येताना वही आणा, पुठ्ठा लावून.